ठकीच्या अंगावरचं पुरळ

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सगळं क्षेम आहे असं लिहायला हात वळत नाही. ठकी परवा चार महिन्यांची झाली आणि गेले तीन आठवडे तिच्या अंगावर लाल पुरळ आहे. मला एका जागी बसवत नाही. दर तासाला झबलं वर करून बघते. हसता हसता ती एकदम कळवळते, मुठी अंगावर घासते.

फोनवर बोलता येत नाही, कारण संशय ज्यांच्यावर आहे त्या भिंतीपलीकडेच असतात. सासूबाई रोज सकाळी तिला तेल लावून रगडतात. कसलं तेल म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ह्याच तेलानं तुझ्या नवऱ्याला वाढवलं, तो काय सोलून निघाला का? छापखान्यात चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेले त्यांचे हात म्हणजे नुसता पॉलिशपेपर.

तू वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहेस. काय करू ते सांग. माझं डोकं चालत नाही.

तुझी,
धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

शाळेत मुलांना भिंगातून किडे दाखवतेस, तशीच लेकीला न्याहाळत असशील. जरा दम खा. तान्ह्या मुलांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, तिला काहीही लवकर लागतं.

वासाचा साबण आणि पावडर आधी घराबाहेर काढ. पावडर छातीत जाते, ती वेगळीच ब्याद. अंघोळ कोमट पाण्यानं, पाच-सात मिनिटांत उरकायची. पंचानं घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि मानेच्या, जांघांच्या वळ्या कोरड्या करायला विसरायचं नाही. लंगोट ओला झाला की लगेच बदल आणि दिवसातून थोडा वेळ तिला तशीच उघडी लोळू दे. कपडे सैल, सुती असू देत आणि साबणाचा अंश राहणार नाही असे दोनदा खळबळ. नखं काप. एवढं करून आठवड्यात उतरलं नाही तर डॉक्टरकडे ने.

तेल थांबवून बघ. पण तेल थांबवणं वेगळं आणि सासूबाईंना थांबवणं वेगळं, एवढं ध्यानात ठेव. तुझी जीभ मला माहीत आहे.

तुझीच,
ताई

१४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पुरळ गेलं! पोट कोवळ्या पानासारखं मऊ झालंय.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. मी ठकीला ओढूनच घेतलं आणि म्हणाले, तुमचे हात तिला लागतात. त्यांनी वाटी खाली ठेवली, दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेकडे निघून गेल्या.

नवरा आठवडाभर घरीच आहे. तो पाण्याच्या टाक्यांसाठी फायबरचं कापड कापतो ना, तो कारखाना दुरुस्तीसाठी बंद आहे. घरात आहे, पण माझ्याशी बोलत नाही. ठकीशी बोलतो आणि ते मला ऐकू जाईल असं बोलतो. काल तिला सांगत होता, तुझी आई फार हुशार आहे हो, आजीला दोन वाक्यांतसुद्धा नाही, एकाच वाक्यात बाहेर काढलं.

वाईट मलाही वाटतं गं. पण मी विज्ञान शिकवते. त्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पुरळ गेलं, याहून आणखी काय पुरावा हवा?

तुझी,
धाकटी

१९ मार्च

ती. ताईस, सा. न.

पुरळ परत आलंय. आधीपेक्षा जास्त.

तेल नाही, पावडर नाही, वासाचा साबण नाही, सासूबाईही नाहीत. नवराही परत कामावर जायला लागलाय. घरात माझ्याशिवाय दोष द्यायला कुणी उरलेलं नाही. सकाळपासून चारदा चादर बदलली. शेजारीण म्हणाली, दृष्ट असेल, तर तिच्यावरच खेकसले. डॉक्टरीणबाई परगावी आहेत, सोमवारी भेटतील.

फोनवर नुसती रडत बसेन, म्हणून तू विचारशील ते नीट बघून लिहिते. मानेच्या वळ्या, जांघा, लंगोटाखालची जागा, सगळं स्वच्छ आहे; लंगोट मी वेगळे उकळून धुते. लाल आहेत ते पोट, पाठ, खांदे आणि डावा गाल. लवकर लिही.

धाकटी

२३ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

घामोळं वळ्यांत उठतं आणि ओल्याचं पुरळ लंगोटाखाली. तुझ्या लेकीला तो उकळलेला लंगोट सोडून जिथं कपडा टेकतो नेमकं तिथं उठलंय. म्हणजे कपड्यातच काही तरी आहे. तिचे कपडे कुणाच्या कपड्यांबरोबर धुतेस? आणि बाप कामावरून आला की तिला कुठल्या खांद्यावर घेतो?

फायबर म्हणजे काचेचे केसाहून बारीक धागे. ते कपड्यांत अडकतात, पाण्यानं निघून दुसऱ्या कपड्यांत शिरतात आणि टोचत राहतात. नवऱ्याला विचार, त्याचे हात खाजतात का.

आणि एक गोष्ट थोरली म्हणून बोलते. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात कारखाना बंद होता. तू एकीकडेच बघितलंस, कारण तुला तिकडेच बघायचं होतं. वर्गातल्या एखाद्या पोरीनं असा निष्कर्ष लिहिला असता तर किती मार्क दिले असतेस?

पुढचं पत्र मला लिहू नकोस. कुणाला लिहायचं ते तुला कळतं.

ताई

२९ मार्च

ती. आईंस, सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी स्वतःचीच बाजू मांडत बसले होते.

पुरळ तुमच्या हातांचं नव्हतं. कपडे धुण्याच्या मशीनच्या जाळीतला गाळ काळ्या कापडावर पसरून उन्हात धरला, तर चमकायला लागला. भिंगाखाली बघितलं, तर सुयांसारखे काचेचे धागे. तुमच्या मुलाच्या कामाच्या कपड्यांतले. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. वासाचं तेल लहान मुलांना नको म्हणाल्या, पण हे दुखणं त्याचं नव्हतं.

मशीन मीच हट्टानं आणलं होतं. त्याआधी तुम्ही ठकीची झबली वेगळ्या बादलीत धुवत होतात. मीच तुम्हाला जुन्या वळणाच्या म्हणून हसले आणि लंगोट सोडून सगळे कपडे एकत्र टाकले. पुरळ त्याच आठवड्यात उठलं. ही तारीख माझ्या वहीत होती, आई. मी ती बघितलीच नाही.

तुमचा मुलगा आता कारखान्यातच अंघोळ करून कपडे बदलतो. ज्या दिवशी हे कळलं त्या संध्याकाळी तो दाराशीच थिजून उभा राहिला. ठकीनं हात पसरले तरी तिला घेतलं नाही. इतकी वर्षं त्याचेही हात खाजायचे, सगळ्यांचेच खाजतात म्हणून तो गप्प राहिला. ठकीचे जुने कपडे टाकून दिले, मशीन रिकामं तीनदा चालवलं. आज तिचं अंग निवळलंय.

तुम्हाला जे बोलले ते परत घेता येत नाही. माफ करा एवढंच मागते. याल का?

तुमची,
सून

४ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी नणंद मोठ्यानं वाचून दाखवणार होती, मी काढून घेतलं. आपल्या दोघींतलं आपल्या दोघींतच राहू दे.

राग गेला असं लिहीत नाही. खोटं लिहून काय करू? माझ्या मनातून ते वाक्य अजून हललेलं नाही. पण तू तारखेचं लिहिलंस ते आवडलं. ते न लिहिताही तुला माफी मागता आली असती.

इकडे आल्यापासून मी गरम पाण्यानं हात धूत होते. दिवसातून किती वेळा, ते मोजलं नाही. बोटांना भेगा पडल्या. नातू दोन वर्षांचा, धावत येऊन पायांना मिठी मारतो, मला घे म्हणतो. मी हात मागे बांधून उभी राहायचे. लेकीला सांगितलं की कंबर धरली आहे. तिला ते खरं वाटलं.

रविवारी दुपारच्या गाडीनं येते. घ्यायला तू ये, त्याला पाठवू नकोस.

पत्र वाचून झालं तेव्हा नातू अंगणात बसून माती कालवत होता. मी गेले आणि त्याला उचललं. बराच जड झालाय. खाली ठेवताना तोच सोडेना.

माझा जीव तुमच्यात आहे. तो दाखवायला मला थोडे दिवस लागतील, तेवढे दे.

तुझी,
सासू