अण्णांच्या फियाटचं डावं दार

रविवार, १५ फेब्रुवारी १९८७. लातूर. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

वस्तुस्थिती अशी. सासरे अण्णाराव वकील, उदगीर, यांची १९५६ची फियाट सर्व्हिसिंगसाठी माझ्याकडे आहे. लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात. मी म्हणत नाही. मी ती चार दिवस ऑफिसला नेली, कारण गाडी चालती ठेवली पाहिजे. शुक्रवारी कलेक्टर ऑफिसच्या फाटकात पाण्याच्या टँकरने तिच्या पुढच्या डाव्या दाराला धडक दिली. टँकर उभा होता हे खरं. पण चुकीचा उभा होता.

पोचा परातीएवढा. खोली चार बोटं. दार उघडतं, लागतं. बाकी ठीक.

मुदत : १४ एप्रिल. उदगीरच्या जयंतीत पंचवीस वर्षं ही गाडी बाबासाहेबांचा फोटो घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालते. अण्णा स्वतः चालवायचे. गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा झाला, डावा पाय वाकत नाही. यंदा ते पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसणार. म्हणजे याच दारातून.

निर्णय : गॅरेजला द्यायची नाही. गॅरेजवाले बोलतात आणि बोललेलं उदगीरला पोचतं. घरीच करणार. बायको महानंदा म्हणाली, आधी अण्णांना कळवा. मी म्हणालो, दुरुस्ती झाल्यावर कळवू. म्हणजे दोन्ही बातम्या एकदम जातील.

सोमवार, १६ फेब्रु.

ऑफिसात टंचाई शाखेत मी एकशे बारा गावांच्या टँकरचं वेळापत्रक सांभाळतो. जिल्हा नवा, निम्म्या जागा रिकाम्या, कपाटं अजून उस्मानाबादहून यायची आहेत. तरी काम चालू आहे. एक दार म्हणजे काय?

रविवार, २२ फेब्रु. दुपार.

साहित्य : हातोडी एक. कपडे धुवायचं धोपाटणं एक. पत्र्याला मागून आधार द्यायला वरवंटा. डेंटर लोक लोखंडी ठोकळा धरतात, पण वरवंट्याला गोलाई आहे. दाराची आतली पट्टी काढली. सात स्क्रू. सहा सापडले.

दोन तास ठोकलं. मोठा पोचा जवळजवळ गेला. त्याच्या जागी लहान लहान बरेच आले. ही प्रगतीच आहे. लहान पोचे सोपे असतात.

महानंदाने वरवंटा परत मागितला. चटणी राहिली म्हणे.

गुरुवार, ५ मार्च

अण्णांचं कार्ड. उजव्या हाताने अजून सुंदर लिहितात. गाडी कशी आहे, दारं नीट लागतात ना, एवढंच विचारलं आहे. दारांबद्दल का विचारलं?

उत्तर पाठवलं : गाडी उत्तम. काम प्रगतिपथावर.

महानंदा पत्ता लिहीत होती. मजकूर वाचून तिने पेन खाली ठेवलं. पत्ता मी लिहिला.

रविवार, ८ मार्च

पत्रा पुक् करतो. एका जागी दाबला की आत जातो आणि वीतभर पलीकडे बाहेर येतो. तिथं ठोकला की पुन्हा पहिल्या जागी. चार तास.

मंगळवार, १० मार्च

औसा रोडचा डेंटर बसलिंगप्पा त्याच्या गल्लीच्या टँकरचं विचारायला ऑफिसात आला होता. संध्याकाळी घरापर्यंत आला. न विचारता गाडीवरचं पोतं उचललं, बोटाने टिचक्या मारून दार ऐकलं. म्हणाला, "भाऊसाहेब, पत्रा वाढायलाय. जितकं ठोकाल तितका वाढंल. आता थांबा. माझ्याकडं लावा, दोन दिसाचं काम हाय."

पत्रा वाढतो म्हणे. पत्रा काय पीक आहे?

त्याला नम्रपणे नकार दिला. टँकर मात्र लावून दिला. मनात काही ठेवत नाही.

रविवार, १५ मार्च

चौकशीअंती कळलं की पत्रा खरोखर वाढतो. ठोकून पातळ होतो, पसरतो. उपाय : लाल होईपर्यंत तापवायचा आणि ओल्या फडक्याने एकदम गार करायचा. आकसतो. नळदुरुस्तीवाल्याकडून ब्लो लॅम्प आणला.

अकरा ठिकाणी तापवला. प्रत्येक वेळी चर्र आवाज येतो, समाधान वाटतं. पत्रा आकसला, पण दाराच्या कडेकडून. मध्यभागी आता फुगवटा आहे. म्हणजे पोचा उरलेला नाही. ही गोष्ट नोंदवण्यासारखी.

नंतरचा प्रसंग नोंदवणं भाग आहे. फडकी भिजवायला मी न्हाणीतली बादली घेतली होती. टँकर आमच्या गल्लीत आठव्या दिवशी येतो. महानंदा बाहेर आली, बादलीत तरंगणारी काळी राख पाहिली. ओरडली नाही. पायरीवर बसून म्हणाली, "घरात दोनच बादल्या पाणी होतं. गुरुवारपर्यंतचं."

एकशे बारा गावांना पाणी मीच पाठवतो हे तिला सांगणार होतो. सांगितलं नाही.

गुरुवार, १९ मार्च

टँकर आला नाही. जळकोटकडे वळवावा लागला. आदेश माझ्याच सहीने गेला होता. महानंदा शेजारच्या पार्वतम्माबाईंकडून कळशी घेऊन आली आणि मग शाळेत शिकवायला गेली.

संकल्प : यापुढे कोरडी पद्धत.

बुधवार, २५ मार्च

अण्णांचं दुसरं कार्ड. उठून बसायचा सराव रोज करतात. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीवर. गाडीत बसता यावं म्हणून. सासूबाई धुरपताबाई धरतात, पण परवा एकट्याने जमलं.

उत्तर : अभिनंदन. गाडी अंतिम टप्प्यात.

जेवलो नाही. उन्हाळा आहे, भूक लागत नाही.

रविवार, २९ मार्च. सकाळी ६.

नवी पद्धत सुचली. आतून जॅक आडवा लावायचा, दोन्हीकडे फळ्या, आणि दाराला सावकाश बाहेर रेटायचं. हातोडी नाही, पाणी नाही. एवढं सोपं कुणाला कसं सुचत नाही?

दुपारी १२.

जॅक बारा आटे फिरवला. काही नाही. तेराव्याला तोफेसारखा आवाज. पार्वतम्माबाई बाहेर आल्या.

फुगवटा, पोचे, सगळं एकदम बदललं. दाराची चौकट किंचित वाकली. गाडीचा खांबही किंचित. दार आता पहिल्यापेक्षा घट्ट बसतं. चोराला उघडणार नाही. सध्या मलाही उघडत नाही.

१ वा. उघडत नाही.

४ वा. बाहेरून ओढलं, आतून लाथ मारली, तेल सोडलं. हँडल हातात आलं.

५ वा. महानंदाने विचारलं, झालं का. मी म्हणालो, सेट व्हायला ठेवलं आहे.

गुरुवार, २ एप्रिल

ऑफिसात लक्ष लागत नाही. एकाच गावाला दोन टँकर लावले, शेजारच्या गावाला एकही नाही. साहेबांनी बोलावून विचारलं, तब्येत ठीक आहे का.

बसलिंगप्पाकडे जावं असं एकदा वाटलं. औसा रोडपर्यंत सायकलने गेलोही. तो कामात होता. म्हणजे हात पुसत बसला होता, पण कामाच्या विचारात असावा. परत आलो.

रविवार, ५ एप्रिल

आधी दिसायला नीट करू, उघडण्याचं नंतर. लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली. दोन किलो. काही ठिकाणी बोटभर जाड. कोरडीच घासली. धूळ दोरीवरच्या साड्यांवर बसली. त्यातली एक जयंतीला नेसायची होती हे नंतर कळलं.

शुक्रवार, १० एप्रिल

रंग दिला. डब्यावर क्रीम लिहिलं होतं. वाळल्यावर हळदीसारखा झाला. उन्हात फरक कमी दिसतो. मिरवणूक उन्हातच आहे.

सोमवार, १३ एप्रिल. उदगीर.

गाडी घेऊन निघालो. यंदा प्रथमच मीही मिरवणुकीला. मनात ठरवलं होतं की वाटेत महानंदाशी बोलायचं, अण्णांना कसं सांगायचं ते. नळेगावच्या पुढे खड्ड्यात लांबीचा भाकरीएवढा तुकडा गळून पडला. मी गाडी तशीच पुढे काढत होतो. ती म्हणाली, थांबवा. मागच्या दाराने उतरली, तुकडा उचलला आणि मांडीवर घेऊन बसली. पुढे उदगीरपर्यंत मी खड्डे चुकवत आणली.

पोचलो तेव्हा अण्णा झोपले होते. गाडी डावी बाजू भिंतीला लावून उभी केली.

मंगळवार, १४ एप्रिल. सकाळी ६.

नाश्त्यानंतर सांगणार.

९ वा. लोक भेटायला येत आहेत. जय भीम, जय भीम. अण्णांनी निळा फेटा बांधून घेतला आहे. मिरवणूक चारला. अजून वेळ आहे.

११ वा. सांगितलं नाही.

२ वा. नाही.

बुधवार, १५ एप्रिल. उदगीर. सकाळ.

काल काय झालं ते लिहितो.

तीन वाजता मंडळाचे लोक निळ्या कापडाचे तागे घेऊन आले. त्यांनी गाडी भिंतीपासून ढकलून काढली आणि टपापासून चाकापर्यंत कापडात गुंडाळली. वर झेंडूच्या माळा. काच आणि दिवे तेवढे उघडे. दाराजवळ कापड नुसतं अडकवतात, वर उचलायचं आणि आत बसायचं. दरवर्षी असंच करतात. सगळ्या उदगीरला माहीत आहे.

मला माहीत नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी एकदाही आलो नव्हतो. दरवर्षी ड्यूटी असायची. तीन-चार वेळा ती मी मागून घेतली होती.

कापडाखाली परात काय, हौद असता तरी दिसला नसता.

चारला अण्णांना लोखंडी खुर्चीवरून आणलं. पांढरा सदरा, फेटा. त्यांनी हात उंच केला तसा बँड सुरू झाला. एकाने डाव्या बाजूचं कापड उचललं. हँडल नव्हतं. आतून ढकललं. दोघांनी, मग चौघांनी. बँड थांबला. चारशे माणसं बघत होती.

मागच्या सीटवर त्यांचा ताठ पाय मावेना. शेवटी उजव्या दारातून, स्टिअरिंगखालून, चौघांनी त्यांना आडवं धरून पलीकडे सरकवलं. पाय स्टिअरिंगमध्ये अडकला. फेटा सुटला. दोन महिने त्यांनी खुर्चीतून उठायचा सराव केला होता, तो कुठेच कामाला आला नाही. धुरपताबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

मी खिडकीशी गेलो. म्हणालो, अण्णा, टँकर उभा होता. गाडी मीच घातली. आणि मग दुरुस्त करायला गेलो.

त्यांची जीभ अजून जड आहे. सावकाश म्हणाले, "पोचा पडला तवा दार उघडत होतं का?"

मी हो म्हणालो.

"मग पोचा चालला असता, जावईबापू. मला नुसतं आत बसायचं होतं."

महानंदाने माझ्या हातातली किल्ली घेतली. तिला गाडी अण्णांनीच शिकवली होती, लग्नाआधी. तिने आधी त्यांचा फेटा नीट बांधला, मग स्टिअरिंगवर बसली. बँड पुन्हा सुरू झाला. बायका तिच्याकडे बोट दाखवून पोरींना सांगत होत्या.

अण्णांना उतरल्यावर बसायला लागेल म्हणून खुर्ची बरोबर न्यायची होती. ती मी घेतली आणि गाडीच्या मागून चालू लागलो. डांबर तापलं होतं. चौकात एक म्हातारे गृहस्थ माझ्या बरोबरीने आले. खुर्चीकडे पाहून विचारलं, मंडपवाले का.

नाही म्हणालो. अण्णाराव वकिलांचा जावई.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं का," म्हणाले. "कधी दिसला न्हाईत."

मी खुर्ची दुसऱ्या खांद्यावर घेतली.