अकरा पॉइंट दोन

४ नोव्हेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझं गॅरेज जोरात चालल्याचं कळलं, आता बहिणीच्या गाडीकडेही बघ जरा! आमची शाळेच्या मुलांची व्हॅन. हेडलाइट मंद पडतात, अशी ह्यांची महिनाभर कुरकुर चालली आहे. म्हणून बॅटरीचे व्होल्ट मोजायला तू दिलेला मीटर काढला. हे बॉनेटपाशी आकडे बघून ओरडून सांगतात, मी पायरीवर बसून लिहिते. इंजिन बंद असताना १२.६, आणि चालू केलं की ११.२! सकाळी मात्र चावी फिरवताच गाडी सुरू.

बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर धाकट्या भावजींनी बदलून आणला होता. नवा परस्पर विकून त्यांनी जुनाच बसवला असणार. हल्ली रोज व्हॅनमध्ये ह्यांच्या शेजारी जाऊन बसतात, आणि मला म्हणतात, वहिनी, दादाला आराम द्या, मी चालवतो. गाडीवर डोळा आहे, दुसरं काय! काल मी नाही नाही ते बोलले. ते गप्प राहिले, म्हणजे नक्की पाणी मुरतंय.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे आकडे मला पटत नाहीत. चार्जिंग होत नसतं तर बॅटरी दोन दिवसांत आडवी झाली असती. बिचाऱ्या दिराला फासावर चढवण्याआधी एक कर. पायरीवरून ऊठ आणि मीटर बघताना दाजींच्या मागे उभी राहा. चौदाच्या पुढे दिसलं तर गाडी ठणठणीत आहे. मग दाजी चालवत असतील तर मुलांना गाडीत बसवू नकोस.

काळजीत असलेला,
भाऊ

१३ नोव्हेंबर

चि. भाऊस आशीर्वाद.

मागे उभी राहिले. ह्यांनी मीटर नाकाशी धरला आणि अकरा पॉइंट दोन म्हणाले. मीटरवर स्वच्छ १४.२ होतं.

चावी काढून घेतली. इतके दिवस गाडी चालवलीत कशी, विचारलं. म्हणाले, रस्ता पाठ आहे. रस्ता पाठ असेल, पण मध्येच धावत येणारं पोर कसं पाठ असणार? आधी चिडले, मग लहान मुलासारखे रडले. तेव्हा कळलं, भावजी शेजारी बसून समोर कोण आलं ते सांगायचे. कुणाला सांगणार नाही, हा दादाला दिलेला शब्द राखायला माझं सगळं ऐकून घेतलं. आधी बोलायला हवं होतं त्यांनी, पण मी बोलू दिलं असतं का?

उद्या ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. व्हॅन भावजी चालवतात.

माझ्यावर लोभ असेल तर दोन दिवस येऊन जा. भावजींसमोर एकटीने उभं राहायला तोंड नाही मला.

तुझी ताई