आईनं दिलेलं पाणी

४ फेब्रुवारी

आई! काय करावं हिचं!

ज्या परदेशी औषध कंपनीच्या सांडपाण्यानं आमच्या बौद्धवस्तीतली विहीर नासली, तिचे दोन साहेब आज ती विहीर बघायला आले. ऊन लागलं म्हणून आमच्या दारात टेकले. आईनं लगेच तांब्या भरून दिला – विहिरीच्या पाण्याचा नव्हे, किडन्या गेलेल्या माझ्या अप्पांसाठी हुमनाबादहून आणतो त्या जारच्या पाण्याचा! साहेब गटागटा प्याले. त्यांच्या माणसानं मोबाईलवर टिपलं. वस्तीचा खटला लढवणारी मी तेव्हा कोर्टात.

संध्याकाळी आईशी जाम भांडले. म्हणते, "कामून चिडायलीस? पावण्याला कडू पाणी देऊ व्हय?" वर आणि, "आपल्या घरचं पाणी प्याले गं पंचशीला! गावातले आजून कोण पितंय?" चेहरा कसा फुललेला!

१९ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. कंपनीच्या वकिलानं कोर्टात व्हिडिओ लावला. "वस्तीच्या वकीलबाईंच्या आईनंच पाणी दिलं. आमचे साहेब प्याले. काय झालं त्यांना?" मी ओरडले – जारचं होतं ते! "पुरावा?" काय दाखवू? आईचा पाहुणचार?

विहिरीच्या नमुन्याचं तर विचारूच नका. त्यांची लॅब म्हणते पाणी ठीक, आमची म्हणते विषारी. शेवटी जजसाहेबांनी कमिशनर नेमला. तो स्वतः येऊन पाहणार. वस्तीला चांगलं पाणी, आजाऱ्यांचा औषधोपचार – सगळं आता त्याच्या अहवालावर.

२० फेब्रुवारी

आई जेवली नाही. "माझ्याच हातानं तुझ्या अप्पाचं वाटोळं झालं." माझा राग कुठल्या कुठं गेला. तिला कशी समजावू?

६ मार्च

अप्पांना डायलिसिसला कलबुर्गीला नेलं. येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपले. किती हलके झालेत!

१० मार्च

कमिशनर उद्या येणार. आईला सांगून सांगून घसा बसला – पाणी मागितलं तर विहिरीचंच दे, एका घोटात कळेल त्यांना. ती मान डोलावते, पण माझ्याकडं बघत नाही. मला भीती वाटते, पुन्हा जारचंच देईल.

११ मार्च

कमिशनर बसवप्रभु आले. विहीर पाहिली. ऊन मी म्हणत होतं. कंपनीच्या वकिलाला घेऊन आमच्या दारात आले आणि आपणहून म्हणाले, "अक्का, थोडं पाणी द्या."

आई रिकाम्या हातानं उभी!

"देणार न्हाई साहेब. जारचं दिलं तर तुमी पाणी चांगलं हाय म्हून लिवणार. हिरीचं दिलं तर मला पाप. माझ्या घरचं पाणी कुणी मागावं म्हणून जन्म गेला – आज तुमी मागायलात, आन् मीच न्हाई म्हणायलेय."

कमिशनर तसेच, तहानलेले, उंबऱ्यावर बसले आणि तिचा शब्द न् शब्द लिहून घेतला.