माउसचं कमळ

१८ एप्रिल १९९९, रविवार
आणि वर म्हणतात, "बाई, आता आराम करा." आराम! इतकी वर्षं बुद्धपौर्णिमेला विहारात स्टेजपुढे रांगोळी मी घातली, तेव्हा माझे गुडघे कुणी विचारले नाहीत. यंदा कमिटीच्या रंगरावांना कॉम्प्युटरचं चित्र पाहिजे. क्लासमधनं प्रिंट काढायचं आणि फरशीवर चिकटवायचं. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, कॉम्प्युटरचं तर कॉम्प्युटरचं, तेही मीच काढणार. रंगरावांनी वहीत माझं नाव लिहिलं. शेजारची मालनबाई तेवढी हसली. जिची चपाती गोल होत नाही ती हसते.

१९ एप्रिल, सोमवार
खडकी बाजारात क्लास लावला. मॅडम नम्रता, वय आमच्या कल्याणीएवढं. रंगीत कॉम्प्युटर फी भरणाऱ्यांना. मी कमिटीच्या ओळखीनं फुकट, म्हणून मला कोपऱ्यातला जुना, काळ्या पडद्याचा. त्यात चित्र अक्षरांचंच निघतं. कीबोर्डवर चांदणी दाबायची, मग माउस फिरवाल तिथं चांदण्या पडतात. माउसचं डावं बटण दाबलं की उमटतं, उजवं दाबलं की पुसतं. म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की! यात शिकायचं काय? उद्या कमळ. परवा धम्मचक्र.

२० एप्रिल
एक पाकळी उमटली नाही. इकडे उमटते, तिकडे पुसते. मॅडम म्हणे, "काकू, दोन्ही बटणं एकदम दाबताय." अगं, रांगोळी चिमटीत धरतात. एका बोटानं फक्त मिसरी लावतात. माउस बनवणाऱ्यानं जन्मात रांगोळी घातली नसणार. मशीन खराब आहे.
एक चांदणी जास्त पडली म्हणून फुंकर मारली. गेली नाही. शेजारचा पोरगा हसला. मी त्याच्याकडे बघितलं. मग नाही हसला.

२१ एप्रिल
पाकळी अर्धी झाली आणि टेबल संपलं. मी माउस तसाच शेजारच्या टेबलावर नेला. पोरगा ओरडला, वायर ताणली, मॅडम धावली. म्हणे, उचलायचा आणि परत मागं ठेवायचा. रेघ तुटणार नाही का? नाही म्हणे. हे काल सांगायला काय झालं होतं? फुकट शिकवतात म्हणून अर्धंच शिकवतात.

२३ एप्रिल, शुक्रवार
घरी सराव. पोळपाटावर साबणाची वडी. काय सुंदर फिरते! हात बसला. कल्याणी म्हणाली, "आई, वडीला बटणं नसतात." कॉलेजात घातली, त्याचं फळ. हे फॅक्टरीतनं आले आणि म्हणाले, मशीनशी भांडू नकोस, ते ऐकत नाही. म्हटलं, सवय आहे मला.

२७ एप्रिल, मंगळवार
झालं! आठ पाकळ्यांचं कमळ. काळ्या पडद्यावर पांढऱ्याशुभ्र चांदण्या, सारवलेल्या अंगणात घातल्यासारख्या. मॅडमनं फक्त माझं मधलं बोट वर धरून ठेवलं होतं. बाकी सगळं माझं.
नळावर सगळ्या बायकांसमोर मालनबाईच्या हातात रांगोळीचा डबा दिला. पितळी, माझ्या आईचा. म्हटलं, घ्या, मला आता लागायचा नाही. खाली बसून घालायची ती अडाण्यांची कामं. मालनबाई म्हणाली, "बघा हं, मागाल परत." मी? मागेन?

२९ एप्रिल
प्रिंटर करकरला. पांढऱ्या कागदावर काळं कमळ! मी पांढरं काढलं होतं. मॅडम म्हणे, पडद्यावर काळ्यावर पांढरं दिसतं, कागदावर पांढऱ्यावर काळं येतं. मग पांढरी शाई घाला. नसते म्हणे. आणि काळी तरी कुठं धड? निम्म्या पाकळ्या फिकट. असू दे. लांबून उठून दिसेल.

३० एप्रिल, बुद्धपौर्णिमा
रंगरावांनी कागद जवळ धरला. मग लांब धरला. "बाई, हा कोळी आहे का?"
कमळ म्हटल्यावर म्हणाले, बुद्धांपुढे काळं कमळ कसं ठेवणार? म्हटलं, नका ठेवू, आणा रांगोळी, आत्ता घालते. तर म्हणतात, "तुम्ही आता कॉम्प्युटरवाल्या. मालनबाईंना बसवलंय."
बसलीच होती. माझी जागा, माझा डबा. तिचं कमळ म्हणजे फुटलेलं वांगं. तरी लोक वाकून वाकून बघत होते. रंगराव तर हात जोडून. मला खुर्ची दिली. पहिल्या रांगेत. आरामात.

२ मे, रविवार
क्लास मीच सोडला. मॅडम नंतर म्हणाली, आता येऊ नका. त्याआधीच मी मनात सोडला होता. दोष मशीनचा, प्रिंटरचा आणि रंगरावांच्या चष्म्याचा.
कल्याणीला मालनबाईकडं निरोप घेऊन धाडलं. डबा दिला नव्हता, ठेवायला दिला होता. नळावरच्या बायकांना काय ऐकू आलं ते त्यांचं त्या बघतील. देता की नाही, ते बुधवारपर्यंत सांगा. बुधवार म्हणजे बुधवार.
रिकामा असला तरी चालेल.