पत्र्यावरचे तीन ठोके

पिंपरी,
सोमवार, ता. ३ डिसेंबर १९७९, सकाळ

भीमराज,

कोंडीरामचा सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड शनिवारी पोचलं. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. सुमनला थंडीचा खोकला आहे, पोरं शाळेत जातात. यशोदा अजून आमच्यातच आहे. सयाजी गेल्यावर माहेरी जा म्हटलं तर गेली नाही. धाकटा भाऊ गेला, भावजय पोरीसारखी घरात राहिली. आता भोसरीत कामगारांचे कपडे शिवायला जाते, संध्याकाळी सुमनशी भांडते आणि दोघी एका ताटात जेवतात.

तुझी आई बरी आहे, गुडघे तेवढे धरलेत. काल तेल द्यायला गेलो तर म्हणाली, "कोंडीराम, त्याला इचार, म्हातारी मेल्यावर येनार हाय का?" मी म्हणालो, "मावशी, तवाबी गाडी मीच आणणार, काळजी करू नका." खदखदून हसली, मग दोन शिव्या घातल्या, एक तुला आणि एक मला. तुझी तुला पोचती केली.

आता तुझा प्रश्न. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची गाडी सोडावी म्हणतोस. तिथल्या खाजगी नर्सिंग होमच्या गाडीवर जावं, का पुण्याच्या ट्रस्टवाल्यांकडं परत जावं, असं मला विचारतोस. अरे लेका, सयाजी गेल्यापासून तू किती गाड्या बदलल्यास? आणि विचारतोस कुणाला, ड्रायव्हरला! ड्रायव्हर पुढं बसून रस्ता बघतो. मागं काय चालतं ते अटेंडंटचं अटेंडंटला माहीत. पण विचारलंसच तर ऐक, नंतर म्हणू नकोस भाऊ बोलले नाहीत.

मुंबईत काय हाल आहेत ते तुझ्या कार्डावरनंच कळलं. चाळीचे अरुंद जिने, स्ट्रेचर उभं करून माणूस खाली आणायचा, तुझी पाठ गेली. दिवसभरात ज्यांना नेलं त्यातल्या एकाचंही पुढं काय झालं ते कळत नाही, असं लिहिलंयस. ते मला खरं वाटलं. आपण कंपनीत होतो तेव्हा बोट तुटलेला माणूस पंधरा दिवसांनी कॅन्टीनला भेटायचा आणि पट्टी दाखवून चहा पाजायचा.

नर्सिंग होमची गाडी चकचकीत असणार, चादरी परीटघडीच्या. पण तिथं तू अटेंडंट कमी आणि गडी जास्त. डॉक्टरची बायको मंडईत निघाली की पिशवी धरायला तूच. तुझा स्वभाव मला माहीत आहे, आठवड्यात भांडशील.

ट्रस्टवाल्यांचं तर तूच मागं सांगितलं होतंस. गाडीवर लाल क्रॉस एवढासा आणि देणगी देणाऱ्या शेटजीचं नाव एवढं मोठं. पेशंट गाडीत घेताना शेटजींचा भाचा फोटो काढायला हजर. तुला तिथं दम निघाला नाही, आता निघेल असं का वाटतं?

कंपनीची गाडी म्हणशील तर सगळ्यात सुखाची होती, मी कबूल करतो. बूट, गणवेश, औषधाची पेटी भरलेली, कॅन्टीनची थाळी. केस नसली की डिस्पेन्सरीत पट्ट्या बांधत बसायचं. पण तिथं आता मी नाही, हे तुला मावशीनं कळवलं असेलच. मी कामगार सेवा मंडळाच्या गाडीवर आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कामगारांनी वर्गणी काढून घेतलेली जुनी मॅटाडोर. पगार कंपनीपेक्षा कमी, काम दुप्पट. बाळंतीण, सर्पदंश, भांडणात डोकं फुटलेला, फिट आलेला, सगळं एकाच गाडीत. सकाळी कुणाला दवाखान्यात न्यायचं, दुपारी कुणाला तिथनं शेवटचं घरी आणायचं. आभार कुणी मानत नाही, उशीर झाला की आईबहिणीवरनं शिव्या. पण वस्तीतनं गेलं की पोरं "आपली गाडी, आपली गाडी" म्हणून मागं पळतात. इथं नेलेला माणूस आपल्याला नंतर दिसतो, बरा झाला तरी आणि नाही झाला तरी.

या गाडीवर अटेंडंटची जागा खाली होणार आहे. आत्ता आहे तो विलास, लातूरकडचा, गुणी पोरगा. त्याला माझ्याबरोबर बसायचं नाही. मंडळाचे अर्जुनराव म्हणतात, तुमच्या ओळखीचा कुणी असला तर सांगा. मी म्हणालो, आहे एक. भीमराज, मला तूच पाहिजेस. दुसरा कुणी बसला तर माझं काही खरं नाही, आणि रस्त्यावरनं चालणाऱ्या माणसांचंही नाही. का, ते लिहितो. जरा अवघड आहे, म्हणून एवढा वेळ शेटजीच्या भाच्यावर घालवला.

थांब, फोन वाजतोय. मोशीला केस आहे. आल्यावर लिहितो.

दुपार

आलो. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

केस सोनबा नावाच्या म्हाताऱ्याची होती. छातीत दुखत होतं. मागं त्याचा मुलगा आणि विलास. आपली टकटक मी विलासला पहिल्याच दिवशी शिकवली होती. नातेवाईक मागं बसलेले असतात, त्यांच्यादेखत तोंडानं सांगता येत नाही, म्हणून मधल्या पत्र्यावर ठोके. एक ठोका, हळू, धक्के लागतायत. दोन, हाण गाडी. तीन, संपलं. तीन वाजले की घंटा बंद, पाय उचलायचा, आता रस्त्यावरच्या जित्या माणसांना जपायचं. तूच काढलेली पद्धत.

फुगेवाडीला विलासनं तीन ठोके दिले. मला स्वच्छ ऐकू आले. माझा पाय उचलला नाही. घंटा चालूच ठेवली, दापोडी गेली, पूल गेला. विलासनं परत तीन दिले, जोरात. मी तसाच. खडकी बाजारात एक भाजीवाली आडवी आली. टोपली चाकाखाली गेली, बाई हातभर अंतरानं वाचली. मेलेल्या माणसासाठी मी जितं माणूस मारणार होतो.

ससूनला पोचल्यावर विलास खाली उतरला. "भाऊ, ठोके ऐकू आले न्हाईत का?"

"आले."

"मंग?"

मी मागचं दार उघडायला लागलो. तो म्हणाला, "भाऊ, ही काय पहिली खेप न्हाई. उद्या अर्जुनरावांना सांगणार मी." त्याचं बरोबर आहे, त्यानं सांगायलाच पाहिजे. याआधीही असंच झालंय, दर वेळेला. एक आणि दोन ठोके मी मानतो. तिसरा पडला की पाय लोखंडाचा होतो.

आता आपण कधीच बोललो नाही ते लिहितो.

सयाजीला कंपनीत मीच लावला होता. त्या उन्हाळ्यात क्रेनची साखळी तुटली आणि तो खाली सापडला. दुसरा ड्रायव्हर रजेवर होता. तू म्हणालास, "भाऊ, तुम्ही नका चालवू, मी कुणाला तरी बघतो." मी ऐकलं नाही. तू मागं त्याच्याजवळ बसलास, मी पुढं. मधल्या पत्र्याच्या खिडकीची काच फुटलेली होती, कंपनीनं बसवली नव्हती. तुझा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

तुझी सवय तुला माहीत आहे का रे? माणूस आडवा असतो, काचांना पांढरा रंग, त्याला बाहेरचं दिसत नाही. म्हणून तू विचारायचास, "ओळखा बरं, कुठं आलो आपण?" तो सांगायचा, चुकला तरी सांगायचा, जागा राहायचा. सयाजीलाही तू तेच विचारत होतास. कासारवाडीला गाडी थांबली, तू विचारलंस, तो म्हणाला, "फाटक पडलंय." फुगेवाडीला विचारलंस. दापोडीला विचारलंस तेव्हा फार हळू आवाज आला, "वर्कशॉप." मला बरं वाटलं. म्हटलं, ओळखतोय, म्हणजे निघतोय यातनं.

मग हॅरिस पूल लागला. आणि तू म्हणालास, "पूल आला, सयाजी. नदीला पाणी नाही यंदा."

विचारलं नाहीस. नुसतं सांगितलंस.

बोपोडी आली, तू सांगितलंस बोपोडी आली. खडकी आली, तू सांगितलंस खडकी. एकदाही, ओळख बरं, म्हणाला नाहीस. भीमराज, मला तिथंच कळलं. पुलावरच कळलं. पण पाय उचलला नाही. तू ठोके दिले नाहीस, मग मी कशाला थांबू? आणि मी थांबत नाही हे बघून तू बोलत राहिलास. वाकडेवाडी आली सयाजी, जुना बाजार आला सयाजी, आता आलंच ससून. आपण दोघांनी मिळून त्याला दारापर्यंत जिवंत नेला.

डॉक्टरनं हात लावला आणि म्हणाला, याला जाऊन बराच वेळ झाला. मग त्यानं तुझ्याकडं बघितलं. तू मान खाली घातलीस. ती मान परत माझ्यासमोर वर आलीच नाही. जलदानविधीला सगळ्यांत मागं बसलास आणि महिन्याभरात कंपनी सोडून गेलास. कंपनीत काहीजण बोलले, अटेंडंटला कळलंसुद्धा नाही, कसला अटेंडंट. मी त्यांच्या अंगावर गेलो होतो, दोघांनी मला धरला. पण तोवर तू पुण्याला निघून गेला होतास.

तुला वाटतं तू मला फसवलंस. म्हणून गाड्या बदलतोस, म्हणून कार्डावर हवापाणी लिहितोस आणि सयाजीचं नाव टाळतोस. अरे बाबा, तू मला फसवलं नाहीस. मला माहीत होतं. त्या सबंध रस्त्याला मागं तू एकटा नव्हतास, मी तुझ्याबरोबर होतो. तू वाजवलं असतंस तर मी तिथंच पुलाच्या कठड्यावर गाडी घातली असती. तुझ्या मायेनं मी घरी आलो, यशोदेला सांभाळायला उरलो. हे तुला सांगायला एवढा वेळ लागला, कारण सांगायचं म्हणजे तो पुलावरच गेला असं माझ्या तोंडानं म्हणावं लागतं. आता म्हटलं. यशोदेला मात्र आजही वाटतं की तो दवाखान्यात गेला. तिला तसंच वाटू दे.

पण ती गाडी अजून थांबलेली नाही. रिकामी गाडी घेऊन येतानासुद्धा पूल लागला की मागनं तुझा आवाज येतो. पूल आला, सयाजी. नदीला पाणी नाही यंदा. यंदा पावसाळ्यात नदी चांगली भरून वाहत होती, तरी तेच. मी आरसा फिरवून ठेवलाय, मागं बघत नाही. दुसऱ्या कुणाचे तीन ठोके मला लागू पडत नाहीत, कारण तुझे यायचे राहिलेत. आज भाजीवाली वाचली. उद्या कोण असेल, या विचारानं मला घास गेला नाही.

तेव्हा नोकरी घे, नको घेऊस, ते नंतर बघू. नर्सिंग होमवाल्यांना होकार कळवला असशील तर तिकडं जा, माझी ना नाही. पण आधी एकदा इकडं ये. विलास सांगेल तेव्हा सांगेल, आज संध्याकाळी मी स्वतःच अर्जुनरावांना सगळं सांगतो आणि चावी त्यांच्याकडं ठेवतो. तू येईपर्यंत मी पेशंट बसवणार नाही. त्यांच्याकडं एकच मागणार आहे, एका रविवारी मोकळी गाडी.

तू मागं बस, मी पुढं. कंपनीच्या फाटकापासून निघू, घंटा लावून. कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी. वाटेत वाटलं तर बोल, नाही तर गप्प बस. पूल लागला की पत्र्यावर वाजव. तीन. मी घंटा बंद करीन, पाय उचलीन आणि पुढचा सगळा रस्ता आपण त्याला सावकाश नेऊ.

मावशींना सांगितलंय तू येणार म्हणून. मला खोटं पाडू नकोस.

तुझ्या ठोक्यांची वाट बघणारा,
कोंडीराम