मानाचा फेटा

दौलू भावजींस,
नमस्कार लिहायला हात वळत न्हाय.

माझ्या केरबाची दारू सुटली म्हणून काल तुम्ही शिवाजी पेठेतनं हलगी वाजवत आलासा, अन् त्याच्या डोक्याला मानाचा फेटा बांधून गेलासा. पोरगं भिंतीकडं तोंड करून बसतंय, जेवत न्हाय, "मला कशाला जगवलंस" म्हणतंय, हे तुम्हाला सांगितलं हुतं की! विहिरीचा दोर मी शेजारी नेऊन ठेवलाय, धोतरं पेटीत कुलपात घातल्यात. अन् तुम्ही एवढं लांब कापड घरात आणून दिलासा!

विळीवर चिरून मी त्याची पोतेरी केली. हे पत्र टाकायची न्हाय. तालमीत वाचून हसशीला.

आज केरबा कितीतरी दिवसांनी आपणहून बोलला. "आई, काकाचा फेटा कुठं हाय?"

तुमची वहिनी,
बनाबाई