संयुक्त मसाला, ब्याडगीशिवाय

१५ फेब्रुवारी १९६०, सोमवार

आजपासून रोजनिशी. यशस्वी धंदेवाला रोजनिशी ठेवतो, असं पुस्तकात आहे. पुस्तक वाचनालयातलं. कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत, म्हणून लिहिणाऱ्याचं नाव कळलं नाही. नवव्या पानावर एकदम 'हिंमत' हा धडा सुरू होतो. म्हणजे आधीच्या आठ पानांत विशेष काही नसावं.

वही यांचीच आहे. मिलमधून ५७ सालची मिळाली होती. जुलैपर्यंत पाळ्या लिहिल्यात: पहिली, दुसरी, पहिली. पुढे कोरी. वार जुळत नाहीत. मी खोडून लिहिते.

कारण असं की गावाहून गणपतभावोजींचं पत्र आलं. हे गेले त्याला तीन वर्षं होतील, आता एकटीनं लालबागात राहून काय करता, म्हणतात. मे महिन्यात, पावसासाठी बोटी बंद व्हायच्या आत येतो. तोवर तुमचं काही बस्तान बसलं असेल तर राहा. नसेल तर खोली आमच्या थोरल्याला, त्याला मिलमध्ये चिकटवायचा आहे, आणि तुम्ही गावी चला.

म्हणजे तीन महिने. पुस्तकात म्हटलंय, मुदत असली की माणूस कामाला लागतो. भावोजींनी नकळत माझ्यावर उपकारच केले.

ही खोली मी सोडणार नाही. वीस वर्षं राहिले.

१६ फेब्रुवारी

पुस्तक: पहाटे पाचला उठणे ही यशाची पहिली पायरी.

पाचला उठले. नळाला पाणी सहाला येतं. एक तास बसून राहिले. उद्यापासून सहाला.

२३ फेब्रुवारी

धंदा ठरला. मसाला.

विचार करून ठरवला. खानावळ नको, तळमजल्यावर सुंदराबाईची आहे आणि तिला पंधरा वर्षं झालीत. पापड नको, पापड सगळ्याच करतात. मसालासुद्धा सगळ्याच करतात, पण माझ्यासारखा नाही. हे स्वतः म्हणायचे. आख्ख्या चाळीत यांच्या डब्याचा वास ओळखू यायचा.

नाव: संयुक्त मसाला. एक मे रोजी आपलं राज्य होणार, त्याच दिवशी मार्केटात आणायचा. वेळ साधणे, पान बेचाळीस.

६ मार्च

लेबल लिहून घ्यायला भिवाकडे गेले. भिवा समितीचा आमच्या चाळीतला माणूस. दोनदा तुरुंगात जाऊन आला, अक्षर चांगलं. त्यानं आत काय काय घालणार ते विचारलं. मी सांगितलं: लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी, धणे आणि बाकीचं.

त्यानं लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "वैनी, ब्याडगी म्हैसूर राज्यात गेली."

मी म्हटलं, मिरची अजून लालबागच्या बाजारात मिळते.

तो म्हणाला, "मिळूदे. नाव संयुक्त, आणि पोटात म्हैसूरची मिरची? आम्ही काय त्यासाठी लाठ्या खाल्ल्या?"

मी म्हटलं, मग संकेश्वरीसुद्धा तिकडचीच. तो म्हणाला, "छे! संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. बेळगाव आपलं. आज ना उद्या येणारच. संकेश्वरी बिनधास्त घाला."

माणूस तत्त्वाचा आहे. आणि पुस्तकातही आहे, धंद्याला तत्त्व पाहिजे. ब्याडगी रद्द. ती तशीही नुसती रंगाला आणि तिखट सौम्य करायला. तिच्या जागी तेवढीच संकेश्वरी वाढवली. थोडी लवंगी पण वाढवली, संकेश्वरी एकटी पडायला नको.

खरं म्हणजे ब्याडगी मी घरात कधीच घालत नसे. यांना चालत नसे.

२० मार्च, रविवार

गच्चीत मिरच्या वाळल्या. आज कांडप केलं. तिसऱ्या मजल्यावरची सगळी मुलं शिंकत शाळेच्या पटांगणात गेली. जाईबाई, माझी शेजारीण, तोंडाला पदर लावून आली आणि म्हणाली, "अगो शेवंते, एवढं कुणासाठी कांडतेस? लढाई आहे काय?"

मी सांगितलं, धंदा आहे.

ती म्हणाली, तेच ते.

यशस्वी माणसाचा हेवा शेजारीच आधी करतात. पान साठ.

२८ मार्च, पाडवा

पान सदुसष्ट: गिऱ्हाईकाला आधी सॅम्पल द्यावं. फुकट. एकदा चव लागली की तो तुमचा.

अकरा घरी अकरा वाट्या पाठवल्या. माझ्या वाट्या चार, बाकी सात जाईबाईकडून आणल्या. तिलाही एक पाठवली, तिच्याच वाटीत.

२९ मार्च

काय सांगू. अकराच्या अकरा वाट्या परत आल्या, आणि एकही रिकामी नाही! आमच्या चाळीत वाटी रिकामी परत करत नाहीत हे खरं, पण यावेळी पाहा: पाच वाट्यांत साखर. तीनमध्ये गूळ. दोन वाट्या दही. जाईबाईनं तर श्रीखंड दिलं, पाडव्याचं उरलेलं असेल, पण दिलं.

सगळं गोड! अकरा घरांनी न ठरवता तोंड गोड केलं. डिमांड यालाच म्हणतात. उद्यापासून ऑर्डरी घ्यायला वही वेगळी करावी.

८ एप्रिल

ऑर्डर नाही. लोकांना मागायला संकोच वाटत असावा.

म्हणून दुसऱ्यांदा सॅम्पल पाठवलं. सात घरी दार उघडलं नाही. आतून आवाज येत होता. बहुतेक पाहुणे असतील.

जाईबाईनं दार उघडलं. म्हणाली, "बये, पुढच्या वेळी वाटीबरोबर बंबवाले पण पाठव. आमचे हे दोन दिवस कामावर गेले नाहीत."

मी म्हटलं, तिखट लागलं काय? ती म्हणाली, "मिरच्या अर्ध्या कर, चाळ तुझ्या पायावर. वास काय सुंदर आहे गो, पण जीभ राहायला नको?"

पुस्तक म्हणतं गिऱ्हाईकाची तक्रार म्हणजे सोनं. लिहून ठेवली. पण पुस्तक असंही म्हणतं की क्वालिटीला धक्का लागू देऊ नये. दोन पानांत भांडण आहे. मी क्वालिटीच्या बाजूनं आहे.

१७ एप्रिल

आज मोठा दिवस. नीट लिहिते.

सुंदराबाईनं बोलावलं. खानावळवाली. तिच्याकडे पन्नास गिरणीवाले जेवतात, सगळे कोकणातले. तिला वास कळला होता. म्हणाली, मला मसाला करायला हात पुरत नाहीत, एक दिवस तुझा घालून बघते. घातला. मी स्वतः ओट्याशी उभी होते.

पहिल्या पंगतीनं तीन हंडे पाणी संपवलं. एकानं ताटावरून उठून थेट नळ गाठला. एक म्हातारा जॉबर, खात्यावरचा मुकादम, म्हणाला, बाई, आम्हाला दुपारच्या पाळीला मशीन दिसलं पाहिजे.

सुंदराबाई रागावली नाही. मला बाजूला बसवलं आणि म्हणाली, "हात सोन्याचा आहे तुझा. मिरची अर्धी कर, रंगाला ब्याडगी घाल. महिन्याला दहा शेर माझ्याकडून. कायमचं. पुढल्या गल्लीतल्या दोन खानावळीही तुला लावून देते."

दहा शेर. कायमचं. भावोजींना दाखवायला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे?

मी नाही म्हटलं.

कारणं (पुस्तक सांगतं, निर्णयाची कारणं लिहावीत):

ब्याडगीबद्दल तत्त्व आहे.

आपला स्टँडर्ड एकदा खाली आणला की वर जात नाही.

तिसरं कारण असं की हात जात नाही. काल रात्रीचं सांगते, जाईबाईचं ऐकून एकदा अर्ध्या मिरच्या मोजून बाजूला काढल्यासुद्धा होत्या. मग वाटलं, हे ताटावर बसतील आणि पहिल्या घासाला माझ्याकडे बघतील. बोलायचे नाहीत. नुसते बघायचे, आणि मी उठून वरून तिखट आणून ठेवायचे. सतरा वर्षं. तो एक दिवस छातीत दुखलं म्हणून पाळीवरून लवकर आले. एवढंच एकदा लवकर आले. त्या दिवशी मी आमटी करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

अर्ध्या मिरच्या परत घातल्या.

तिसरं कारण धंद्याचं नाही, म्हणून धरू नये. पहिली दोन पुरेशी आहेत.

१ मे, रविवार

राज्य झालं. आणि धंदाही!

दुपारी आमच्या रस्त्यावरून मिरवणूक जाणार म्हणून कोपऱ्यावर फळी टाकून बसले. चाळीस पुड्या, लाल कागद, भिवाच्या अक्षरात नाव. ढोल, लेझीम, सगळीकडे गुलाल. पेढेवाल्याकडे ही गर्दी. माझ्याकडे आधी शांतता होती. पण धीर हा पहिला गुण.

मग तीन तरुण पळत आले, कपाळावर गुलाल, आणि दोन पुड्या उचलल्या. भाव विचारला नाही, आत काय आहे तेही विचारलं नाही. पैसे फळीवर टाकले आणि मिरवणुकीत घुसले. मला असंच गिऱ्हाईक पाहिजे, झटपट निर्णय घेणारं.

थोड्या वेळानं पुढे गडबड झाली. ढोल थांबले. माणसं डोळे पुसत परत यायला लागली. थोरली थोरली माणसं, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतायत. एक तर रस्त्यावर बसूनच रडत होता. इतकी वर्षं लढले, शेवटी मिळालं. माझेही डोळे भरून आले. हवाच तशी होती.

विक्री दोन पुड्या. पण सुरुवात झाली.

२ मे

भिवा आला. डोळे पेरवाएवढे सुजलेले, लाल. मग म्हणाला, "वैनी, पोलिसांनी अश्रुधूर सोडला तेव्हासुद्धा आम्ही जागा सोडली नव्हती."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"काल सोडली."

मग सगळा प्रकार सांगितला. गुलाल समजून उधळला म्हणे. मी म्हटलं, पुडीवर नाव होतं, तुझ्याच अक्षरात. तो म्हणाला, राज्य झाल्याच्या दिवशी कोण वाचत बसतो? उरलेल्या पुड्यांवरून आपलं नाव काढा. मी म्हटलं, संयुक्त हे काही तुझ्या एकट्याचं नाव नाही. तर हात जोडून निघून गेला.

पुस्तकात 'अपयशातून धडा' असं एक प्रकरण आहे. वाचलं. त्यात गुलालाबद्दल काही नाही.

११ मे

अडतीस पुड्या शिल्लक, शिवाय डबा भरून सुटा. ऑर्डरींची वही कोरी आहे, पण वही चांगली आहे, वाया जाणार नाही.

सकाळी सुंदराबाईकडे निघाले होते. दहा शेराचं अजून आहे का, एवढंच विचारायला. जिन्यापर्यंत गेले. तिथं जाईबाई भेटली, म्हणाली, सुंदराबाईनं परळच्या कुणा बाईला मसाल्याचं काम दिलं, पाडव्यापासून मागे लागली होती ती.

बरंच झालं. धरसोड करणाऱ्याला धंदा नसतो. मी परत वर आले.

भावोजींचं कार्ड आलंय. अठराला बोटीनं पोचतो.

तयारी: पुड्या फळीवर अशा लावायच्या की ऑर्डरी बाहेर निघायच्या आहेत असं दिसावं. दरवाजाला लेबल चिकटवायचं. त्यांच्याशी ठाम बोलायचं. आरशासमोर चारदा बोलून पाहिलं: "भावोजी, मी इथंच राहणार, माझा इथं धंदा आहे." चौथ्यांदा मलाही पटलं.

१८ मे, बुधवार

भावोजी अकराला आले. दारावरचं लेबल वाचलं, आतल्या पुड्या पाहिल्या. पाय धुतले. जेवायला वाढलं. कुळथाची आमटी, बांगडा, भात. मसाला माझा, पुरेपूर घातलेला. म्हटलं, चवच काय ते सांगेल, मग बोलू.

पहिला घास घेतला आणि थांबले. कपाळावर घाम फुटला. मला वाटलं, झालं. पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हातानं बाजूला सारला.

आमटी संपवली. परत मागितली. तीही संपवली. बांगड्याचं ताटातलं कालवण बोटानं निपटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी मागून घेतलं. तीन महिने कशाला, तीन वर्षांत.

मग म्हणाले, "वयनी, ह्यो मसालो तुमी केलात?"

मी म्हटलं, हो, संयुक्त मसाला, आणि आता ठाम बोलायचं ते सुरू करणार, तेवढ्यात तेच बोलायला लागले. दादा गेल्यापासून घरात असं जेवलो नाय, म्हणाले. आमच्याकडे बायकांच्या हाताला ही चव नाय, सगळ्यांचं अळणी. अडतीसच्या अडतीस पुड्या मी घेऊन जातो, आणि तो डबा पण. सगळा माल एका गिऱ्हाईकानं उचलला! पुस्तकात याला काय म्हणतात ते शोधायला पाहिजे.

मी म्हटलं, मग झालं ना भावोजी बस्तान?

ते म्हणाले, "झाला तर! असलो हात हय चाळीत कशाक फुकट घालवायचो? घराक चला. गावात करा मसालो. मी खाईन, पोरा खातील."

मग सदऱ्याच्या खिशातून परवाच्या बोटीची तिकिटं काढून ताटाशेजारी ठेवली. दोन. येतानाच काढून आणली होती.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं. त्यांच्या ताटाकडे लक्ष गेलं. भात संपला होता.

म्हटलं, "भात वाढू?"

म्हणाले, "वाढा."